लॅमिंग्टन रोडवर एक दिवस

काल देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईत उतरलो, तोंडावर पाणी मारलं आणि तडक ग्रँट रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा, लगेच सांगतात.

मोठ्या दुकानांत लॅपटॉप, कॅमेरे, राऊटर. ते आपल्याकडंही मिळतं. माझा जीव रमला तो चिंचोळ्या गाळ्यांत. भिंतभर छोटे खण, त्यात रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, रिले. मला विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरसाठी १२ व्होल्टचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, पाहिजे होते. आपल्याकडं रात्रीची लाईट, त्यात व्होल्टेज पडलेलं. मोटारीला लाईट जोडणारा मोठा स्विच, म्हणजे काँटॅक्टर, थरथरतो, त्याचे पॉइंट जळतात, कधी बोर्डावरचा रिलेही चिकटतो. एवढ्याशा वस्तूपायी शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावं लागतं.

काउंटरवरच्या काकांनी जुना रिले हातात घेऊन बघितला, खणातून नवा काढला, कॉइलला १२ व्होल्ट दिले. टक्! मग काँटॅक्टवर मीटर लावून बीप ऐकवला. "हा जास्त अँपिअरचा घ्या, पिना त्याच आहेत." न विचारता सांगितलं हो! असा माणूस भेटला की लांबून आल्याचं सार्थक होतं.

परभणी-हिंगोलीकडच्या रिपेअरिंगवाल्यांनो, एकदा जाच. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. जळालेला पार्ट सोबत न्या, आणि बिल मागून घ्या. जास्तीचे रिले आणलेत. कुणाचा स्टार्टर अडला असेल तर दुकानावर या.