तुम्ही विचारलंत म्हणून : आमचं काय चुकलं?

मी लहान मुलांच्या ब्रेन ट्युमरवर उपचार करते आणि त्याच ट्युमरवर संशोधनही करते. आईबाप सगळ्यांसमोर विचारतात ते, बरा होईल ना? पण दुसरा एक प्रश्न मागाहून येतो. सगळे बाहेर गेले की आई एकटीच परत आत येते, दार लोटून घेते आणि विचारते, डॉक्टर, आमचं काय चुकलं?

मग एकेक निघतं. सातव्या महिन्यात पाय घसरला होता माझा. हा पलंगावरून पडला होता. मोबाईल फार बघायचा. मी नोकरी सोडली नाही. घरातलं कुणीतरी आधीच काहीतरी बोललेलं असतं, ते तर बोलण्यात नसलं तरी चेहऱ्यावर दिसतं.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत मी हे, आज जे माहीत आहे त्यावरून म्हणतेय.

मोठ्यांच्या बऱ्याच कॅन्सरमागे वर्षानुवर्षांची तंबाखू असते, वय असतं. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेवढा काळच गेलेला नसतो. त्याचा मेंदू मात्र जोरात वाढत असतो आणि गडबड तिथेच होते. मेड्युलोब्लास्टोमाचंच घ्या, मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा घातक ब्रेन ट्युमर, डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदूत होतो. बाळ पोटात असतानाचे शेवटचे महिने आणि जन्मानंतरचं पहिलं वर्ष या काळात लहान मेंदूतल्या पेशी प्रचंड वेगाने वाढतात, मग त्यांना थांबायचा निरोप मिळतो आणि त्या कामाला लागतात. या ट्युमरच्या एका प्रकारात तो निरोप देणारी जीनच बिघडलेली असते, पेशी वाढतच राहतात. ग्रुप 3 आणि ग्रुप 4 नावाचे आणखी दोन प्रकार आहेत, त्यांच्याबद्दल 2022 मध्ये कळलं की ते गर्भाच्या मेंदूतल्या अशा पेशींपासून येतात ज्या वेळेवर परिपक्वच झाल्या नाहीत. म्हणजे मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर आजारी पडलं तरी सुरुवात जन्माआधीची असू शकते. अब्जावधी वेळा पेशी दुभंगते, दर वेळी डीएनएची नक्कल होते, त्यात एखादी चूक राहून जाते. पाय घसरण्याने ती होत नाही.

मोबाईलचं सांगायचं तर मोबी-किड्स नावाचा मोठा अभ्यास झाला, 14 देशांत, 10 ते 24 वर्षांच्या मुलांवर, त्यात मोबाईलमुळे ब्रेन ट्युमर होतो असा पुरावा मिळाला नाही. पक्की माहीत असलेली कारणं फार थोडी. एक म्हणजे डोक्याला आधी दिलेलं रेडिएशन, तेही बहुतेकदा दुसऱ्या कॅन्सरच्या उपचारात. दुसरं काही आनुवंशिक दोष, न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ली-फ्राउमेनी, गॉर्लिन वगैरे, आणि अशी मुलं दहात एखादं. त्यांची जेनेटिक टेस्ट मी आवर्जून करायला सांगते, कारण गॉर्लिन असलेल्या मुलाला रेडिएशन दिलं तर त्याच जागी पुढे त्वचेचे कॅन्सर होऊ शकतात, म्हणजे उपचारच बदलावा लागतो. भावंडांचंही बघता येतं. पण आईबापाकडून जीन आली म्हणून तो त्यांचा दोष होत नाही, आपली कुठली जीन मुलाला द्यायची हे कुणी ठरवतं का?

काय बिघडलं हे शोधत राहायला हवं, कारण औषध तिथूनच निघतं. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, पॉन्स नावाचा भाग असतो, तिथे होणारा डीआयपीजी नावाचा ट्युमर हा आमच्या कामातला सगळ्यात वाईट आजार, निदानानंतर बहुतेक मुलं वर्षभरही काढत नाहीत. नील आर्मस्ट्राँगची छोटी मुलगी कॅरन ब्रेनस्टेमच्याच ट्युमरने 1962 मध्ये गेली, तेव्हा रेडिएशन देत होते आणि आजही डीआयपीजीला मुख्य उपचार तोच आहे. इतकी वर्षं काही हललं नाही कारण त्या जागी हात लावायला सर्जन धजत नव्हते, एमआरआयवरच निदान व्हायचं, ट्युमरचा तुकडा तपासायला मिळायचाच नाही. तो मिळाला त्यात मोठा वाटा मूल गेल्यानंतर ट्युमर संशोधनासाठी देणाऱ्या आईबापांचा. त्या दुःखात त्यांनी ते कसं केलं असेल, मला अजून कल्पना करवत नाही. अशा नमुन्यांतूनच 2012 मध्ये हिस्टोन नावाच्या प्रोटीनमधला बदल सापडला, एच3 के27एम. तो बदल असलेल्या आणि उपचारांनंतरही वाढलेल्या ट्युमरसाठी 2025 मध्ये अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं, डॉर्डाव्हिप्रोन. ते सगळ्यांना लागू पडत नाही आणि आजार मुळापासून बरा करत नाही, हे मी लपवत नाही. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचा ट्युमर, त्यातल्या सावकाश वाढणाऱ्या प्रकाराचं चित्र त्या मानाने खूपच चांगलं, बीआरएएफ जीनमधला ठरावीक बदल सापडला तर आता तोंडाने घ्यायची औषधं आहेत.

याच प्रश्नाचं दुसरं रूप म्हणजे, लवकर आणलं असतं तर? इथे तर आईबाप स्वतःला फारच छळतात. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, उलटी होते, उलटी झाली की बरं वाटतं आणि मूल दप्तर घेऊन शाळेत जातं, मग कुणालाही पित्तच वाटणार, डॉक्टरांनाही वाटतं. रात्रभर आडवं झोपल्याने डोक्यातला दाब वाढतो म्हणून ते सकाळी होतं. अशा उलट्या दोन आठवड्यांवर गेल्या, किंवा चालताना तोल जातो, नव्याने तिरळेपणा आलाय, मान एका बाजूला कलती धरतोय, असं काही दिसलं तर एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा. लवकर कळलं तर नजर वाचू शकते, ऑपरेशन घाईगडबडीत करावं लागत नाही. पण मूल जगणार की नाही हे बऱ्याचदा ट्युमरच्या प्रकारावर जास्त ठरतं, ते दोन आठवडे तुम्ही जन्मभर उरावर घेऊन फिरू नका.

वडील हा प्रश्न फारसा विचारत नाहीत, पण त्यांच्याही डोक्यात तोच भुंगा असतो, म्हणून पुढच्या भेटीत मी न विचारताच दोघांना बसवून हेच सगळं परत सांगते. आणि घरात कुणी आईला बोललं असेल तर त्यांनाही घेऊन या, मी त्यांच्यासमोर सांगेन.