आमची वाटचाल : तीन पौंडांसाठी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही गॅरेज काढले तेव्हा रस्त्यावर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती 800 यांचेच राज्य होते. कार्बोरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचे, काम सगळेच करीत, पण पेट्रोलचा दाब दर चौरस इंचाला किती पौंड आहे हे गेजवर, म्हणजे दाबमापकावर, मोजून करणारे आमच्या भागात आम्हीच होतो, हे मी अभिमानाने नोंदवतो. माझे पहिले भागीदार मूळचे लेथवरचे कारागीर. त्यांनी पितळी सळईतून कातलेला टी-जोड आजही आमच्या पेटीत आहे. त्याच्या एका तोंडाला पंपाकडून येणारी नळी, दुसऱ्याला कार्बोरेटरकडे जाणारी आणि तिसऱ्याला गेज बसते. नळी दाबाने निसटू नये म्हणून तोंडांवर त्यांनी बारीक कंगोरे काढले होते, आणि ते अजून झिजलेले नाहीत.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नवे निकष आले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि आमचे काम निम्म्याहून कमी झाले. त्याच काळात जवळच्या एका गॅरेजने जुन्या गाड्यांचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा आणि इंजिनावर चालणारा मेकॅनिकल पंप काढून सरसकट इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सपाटा लावला. तासाभरात गाडी हातात मिळे, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळले आणि आम्हाला 'जुनाट' म्हणू लागले. त्या वर्षी कारागिरांचे पगार मी पत्नीचे दागिने गहाण ठेवून दिले, आणि तो सल मनातून गेलेला नाही.

कणकवलीकडचे एक डॉक्टर मात्र आमचेच राहिले. एकदा त्यांच्या ड्रायव्हरने परस्पर त्या गॅरेजमधून पद्मिनीला इलेक्ट्रिक पंप बसवून घेतला. करूळ घाट चढताना गाडी काळा धूर ओकू लागली, गगनबावड्यापर्यंत केबिनमध्ये पेट्रोलचा वास भरला, आणि डॉक्टर तशीच गाडी हाकत आमच्या दारात आले. तिथल्या कारागिराने मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा, स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळून ठेवला होता. आम्ही कशालाही हात न लावता आधी टी-जोड लावला. गेजने सात पौंडांच्या जरा खाली दाखवले. सोलेक्स कार्बोरेटर बसवलेल्या एवढ्या लहान इंजिनाला अडीच ते साडेतीन पौंड पुरतात. त्याहून जास्त दाब आला की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) कितीही वर उचलला गेला तरी नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) आपल्या जागेवर घट्ट बसत नाही, कार्बोरेटरचा चेंबर भरून वाहतो आणि जेटची (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांची) कितीही उलथापालथ केली तरी उपयोग होत नाही. ऑइलची कांडी काढून हुंगली, तर ऑइलमध्येही पेट्रोल उतरले होते. आम्ही ऑइल बदलले, मूळ पंप नव्या डायफ्रामसह (आतल्या लवचिक पडद्यासह) बसवला आणि पंप व ब्लॉक यांच्यामधली पॅकिंग एकेक करून वाढवत दाब तीन पौंडांवर आणला, कारण पॅकिंग वाढली की पंपाच्या दांड्याचा स्ट्रोक (हालचाल) घटतो आणि दाब उतरतो. फ्लोटची उंची त्यानंतर तपासली आणि मिक्श्चर सर्वांत शेवटी. डॉक्टरांनी ही हकीकत कणकवली ते कुडाळपर्यंत इतक्यांना सांगितली की पुढची कामे त्यांच्याच शब्दावर आली. पुढे आमचे बरे चालले आहे.

ज्यांना इलेक्ट्रिक पंप बसवायचाच असेल त्यांनी कमी दाबाचा घ्यावा आणि रेग्युलेटर कार्बोरेटरच्या जवळ बसवावा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 पौंडांच्या आसपासचा असतो, तो भंगारातून फुकट मिळाला तरी लावू नये. गेजची नोंद इंजिन तापल्यावर, आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) घ्यावी आणि इंजिन बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो तेही पाहावे. तो लगेच पडला तर पंपाचा व्हॉल्व्ह गळतो किंवा नीडल धरत नाही, असे समजावे. आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराचे डायफ्राम आणि नळ्या फुगून मऊ पडताना आम्ही पाहतो आहोत, म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पद्मिनीचे रबर आम्ही इथेनॉल सोसणारे घालतो आणि त्यानंतर दाब पुन्हा मोजतो, मग गिऱ्हाइकाने सांगितलेले असो वा नसो.