द्राक्षबागेच्या ग्रुपला ॲडमिन कशाला हवा?

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदारांचे व्हॉट्सॲप ग्रुप पहाटेपासून वाजू लागतात. कुणीतरी पानाचा फोटो टाकतो, खाली एवढंच : "काय मारू?" दहा मिनिटांत पाच औषधांची नावं येतात. प्रत्येक जण आपल्या बागेतला अनुभव सांगतो आणि त्याच्या बागेपुरता तो खराही असतो. पण जात कुठली, छाटणीला किती दिवस झाले, आधीच्या फवारणीत काय होतं, हे कुणी विचारतच नाही.

इथे ॲडमिन म्हणून जाणता माणूस लागतो. उत्तर देण्याआधी तो म्हणतो, "पान उलटं करून फोटो टाका." वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग. राखेसारखी, बोटाने पुसली जाणारी भुकटी असेल तर भुरी रोग. दोन्हींची औषधं बहुतेक वेगळी. ऐन फुलोऱ्यात, ढगाळ हवेत डाऊनी घडावर आली आणि दोन दिवस भुरीचं औषध मारण्यात गेले, तर घड हातचे जातात.

दुसरी चूक मात्रेची. "५०० मिली टाका" म्हणजे एकरी, की २०० लिटरच्या टाकीला? असा अर्धवट मेसेज ॲडमिनने लगेच काढावा. दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनला असते. मात्र का काढला तेही तिथेच लिहावं, नाहीतर तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. माल निर्यातीचा असेल तर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हे पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत बघूनच सांगावं, आठवणीवर नाही.

पण हाच जाणता माणूस सर्वेसर्वा झाला की ग्रुप बसतो. "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग लावली की शांतता होते खरी, पण "आमच्या शिवारात आज डाऊनीचा पहिला डाग दिसला" ही बातमीही बंद होते. माझ्या मते ग्रुपची खरी किंमत त्या बातमीत आहे. शेजारचा त्याच संध्याकाळी आपली बाग फिरून बघतो. ॲडमिन स्वतः औषधविक्रेता असेल तर ते सर्वांना माहीत असावं, आणि सोबत एखादा नुसता बागायतदारही ॲडमिन असावा.

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर आपण अडकू, या भीतीने कुणी ॲडमिन व्हायला तयार होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की, संगनमत किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही.

एकच ॲडमिन असेल आणि तो बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप कुणालाही ॲडमिन करून टाकतं. म्हणून तिघं ठेवा, आणि तिघांच्या छाटणीच्या तारखा वेगळ्या असतील असं बघा : एक नाशिकच्या बागलाणातला आगाप (लवकरच्या) छाटणीवाला, एक ऑक्टोबरचा, एक उशिराचा. ज्याची बाग फुलोऱ्यात असते त्याला त्या दिवसांत फोन बघायलाही सवड नसते.