दूध दिलं तर चालेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तळजाई टेकडीवर सकाळी भेटणारे काका विचारतात, नणंद विचारते, दवाखान्यात मागे बसलेले लोक तर नुसत्या डोळ्यांनी विचारतात: "डॉक्टरांवर विश्वास नाही, तर जाता कशाला?" परवा कंपाउंडरही म्हणाला, "काकू, आज किती प्रश्न?" चारच होते.

विश्वास आहे हो. नसता तर १० किलोचं जनावर कडेवर घेऊन धनकवडीच्या चौकात रिक्षावाल्यांच्या विनवण्या कशाला केल्या असत्या? पुण्यात कुत्र्याला रिक्षात घेणारा माणूस शोधून दाखवा, मग बोलू.

आमच्याकडे डॉक्टरांना उलट विचारायची पद्धतच नव्हती. "डॉक्टर म्हणाले" म्हटलं की विषय संपला. मीही तशीच होते. गुंड्या जाईपर्यंत.

गुंड्या म्हणजे पुण्यात ज्याला सगळे पॉम म्हणतात, तो पांढरा स्पिट्झ. ११ वर्षांचा. दिवाळीत कोथरूडला बहिणीकडे होतो, तिथे तो मागचा पाय उचलून चालायला लागला. तिथल्या एका डॉक्टरांनी संधिवात म्हणून मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं सिरप दिलं. पाय सुधारला. घरी आलो तर खाज सुटलेली, पोटाखालचं कातडं चाटून चाटून लालभडक. नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. सिरप चालूच होतं.

त्या बाटलीबरोबरचा कागद मी वाचला होता. फरसाणाच्या पुडीचा कागदही वाचणारी बाई आहे मी. स्टेरॉइडबरोबर देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. आणि डॉक्टर केसपेपरवर लिहिता लिहिता म्हणाले, "प्रेडनिसोलोन देतो, पाच दिवस. स्टेरॉइड आहे, खाज लगेच थांबेल."

बाटली माझ्या पर्समध्ये होती. झाकणातून गळायची म्हणून रुमालात गुंडाळलेली. मी पर्सची चेन अर्धी उघडलीसुद्धा. गुंड्या टेबलावरच्या रबरी मॅटमध्ये नखं रोवून उभा होता, आणि बाहेर कुणाचं तरी कुत्रं सारखं भुंकत होतं.

"डॉक्टर, एक विचारू?"

"हं?" त्यांनी मान वर केली, पण दाराकडे बघत.

आणि मी विचारलं, "गोळी दुधातून दिली तर चालेल ना?"

"चालेल."

गर्दी होती, असं मी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगितलं. गर्दी होतीच. पण त्यांना न सांगता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते, त्याची लाज वाटत होती. नेहमीचा भाजीवाला समोर आला की दुसऱ्याकडची मेथी आपण पिशवीत खाली दाबतो ना, तसं. वर असंही वाटलं की एवढे मोठे डॉक्टर, विचार करूनच लिहीत असतील. आता जी बाटली त्यांना माहीतच नाही, तिचा विचार ते कसा करणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेलही.

तिसऱ्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, रुसलाय. चौथ्या दिवशी शी डांबरासारखी काळी, चिकट. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. पोटाच्या अस्तराचं रक्षण जी प्रोस्टाग्लँडिन्स करतात, ती ही दोन्ही औषधं कमी करतात. एकत्र दिली की जठराला जखमा होतात आणि रक्त आतल्या आत वाहत राहतं. हे सगळं मला त्या रात्री बाकावर बसून कळलं. हिमोग्लोबिन ४.८. कुत्र्याचं १२ च्या वर असायला हवं. साडेनऊला शेजारच्या सोसायटीतला लॅब्राडोर रक्त द्यायला आला, लग्नाला आल्यासारखा शेपटी हलवत. गुंड्या पहाटे गेला.

बाटली मी टेबलावर ठेवली ती त्या रात्री. डॉक्टरांनी लेबल वाचलं. "हे आधी का नाही सांगितलंत?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही म्हणता आलं असतं की तुम्ही का नाही विचारलंत.

तेव्हापासून गोळ्यांची पट्टी आधी टेबलावर, मग जनावर. "घरी हे चालू आहे, दोन्ही चालेल ना? हे दिलंच नाही तर काय होईल?" दाताच्या डॉक्टरांना एक्स-रेवर बोट ठेवून कीड दाखवायला लावते, सीएंना प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारते. आधी "राग मानू नका हं", नंतर "थँक्यू". आणखी किती गोड बोलायचं?

काका म्हणतात, ती मंडळी साडेपाच वर्षं शिकलेली असतात. मग मी त्यांना गिधाडं ऐकवते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना शिकलेल्या लोकांनीच दिलं ना? ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली तोवर २००६ उजाडलं. काका गप्प होतात. पण टेकडी उतरताना मलाच आठवतं, हे शोधून काढलं तेही शिकलेल्यांनीच, मेलेली गिधाडं फाडून. फरसाणाचा कागद वाचणाऱ्या बाईने नाही. आणि गिधाडांना चालेल असं कोणतं औषध पुढे आलं, माहितीये? मेलॉक्सिकॅम.

चिंगीचं मी सहसा सांगत नाही. सात वर्षांची कुत्री, नसबंदी न केलेली. तीही मीच प्रश्न विचारत लांबवली होती. माजावर येऊन गेल्यावर महिनाभराने बादलीच्या बादली पाणी प्यायला लागली. नव्या डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाच्या, सोनोग्राफी करून म्हणाल्या, "गर्भाशयात पू आहे. आज संध्याकाळीच ऑपरेशन करू." अँटिबायोटिकवर नाही का भागणार? नाही. एक दिवस थांबलं तर? नको. सगळ्याची उत्तरं दिली त्यांनी, कागदावर चित्र काढून. शेवटी म्हणाल्या, "काकू, सही करा, मग रात्रभर विचारा." मी सही केली नाही. राग मानू नका, म्हटलं, दुसरं मत घेऊन येते. दुसऱ्या मताने दुसऱ्या दिवशी दुपारी तेच सांगितलं. पोट उघडलं तेव्हा गर्भाशय फुटायच्या बेतात होतं.

चिंगी आहे. मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, मात्र २ च्या खाली यायला तयार नाही. परवा त्यासाठीच गेले होते. चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते, तीन विचारले. चौथा होता, त्याच संध्याकाळी सही केली असती तर मूत्रपिंडं वाचली असती का. डॉक्टर पेन टोपणात घालून थांबल्या होत्या. "विचारा ना, काकू."

मी विचारलं, ताक दिलं तर चालेल ना.