शिफ्ट संपल्यावर बायोइन्फर्मॅटिक्स

नंदेसरी, मकरपुरा, सावली, हालोल. बडोद्याच्या आसपासच्या औषध कारखान्यांतल्या क्यूसी (दर्जा तपासणी) लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक घेऊन एम.एस्सी. झालेली बरीच मराठी मंडळी आहेत. शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही आहेत. नोकरी सांभाळून ऑनलाइन बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकाने तपासणं, शिकायचं त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात असतं. हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक सांगतो. व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे. दमून घरी आल्यावर रात्री दहाला दीडपट वेगाने लेक्चर लावलं तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि रविवारी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की पहिल्याच ओळीत गाडी अडते. त्यापेक्षा एक छोटा जीनोम (सजीवाचा सगळा डीएनए) घ्या, त्याचा कच्चा डेटा उतरवा आणि शेवटच्या उत्तरापर्यंत स्वतः न्या. अडेल तिथेच, अडेल तेवढंच लेक्चर बघा.

छोटा म्हणजे जीवाणूचा. माणसाचा जीनोम सुमारे ३१० कोटी अक्षरांचा. तो तीसपट खोलीने, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीसदा, वाचला की एकाच माणसाच्या दाबलेल्या फाईली कित्येक दहा जीबी भरतात, आणि घरच्या लॅपटॉपवर एक चूक कळायला दोन रात्री जातात. ई. कोलायचा जीनोम ४६ लाखांचा. चूक पंधरा-वीस मिनिटांत कळते, म्हणजे एका संध्याकाळी तीन वेळा चुकून चौथ्यांदा बरोबर येता येतं. नोकरदाराला हाच हिशोब परवडतो.

कुठला डेटा घ्यावा? माझ्या मते रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगातला. त्यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकेत ई. कोलायच्या १२ वसाहती वाढवायला घेतल्या, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांत काय बदलतं ते बघण्यासाठी नमुने गोठवून ठेवले. एका वसाहतीचे तीन नमुने त्यांच्या ॲक्सेशन नंबरने (संग्रहातल्या क्रमांकाने) उतरवून घ्या: एसआरआर २५८९०४४ हा ५,००० पिढ्यांनंतरचा, एसआरआर २५८४८६३ हा १५,००० नंतरचा आणि एसआरआर २५८४८६६ हा ५०,००० नंतरचा. तुलनेला मूळ पूर्वज आरईएल ६०६, लांबी ४६,२९,८१२ अक्षरं. प्रत्येक नमुन्याच्या दोन, अशा सहा फाईली मिळून साधारण सव्वा जीबी. डेटा कारपेंट्री या संशोधकांना डेटाचं काम शिकवणाऱ्या उपक्रमाचा मोफत धडा याच नमुन्यांवर आहे, त्यामुळे अडलं तर पडताळायला उत्तर हाताशी असतं. फाईली युरोपच्या ईएनए संग्रहातून घ्या, तिथे फास्टक्यू (कच्च्या डेटाची फाईल) थेट मिळते. अमेरिकेच्या एसआरए संग्रहाच्या टूलकिटने उतरवताना तात्पुरत्या फाईली डिस्कवर बरीच जास्त जागा खातात.

हे सगळं मोफत आहे, याचं बडोदेकरांना नवल वाटायला नको. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानात मोफत वाचनालयं उभी केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. १९८२ साली सुरू झालेली जीनबँक, म्हणजे डीएनए अनुक्रमांचा संग्रह, हीही तशीच सगळ्यांसाठी उघडी आहे.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर उत्तम. एसएसडी मात्र हवीच, आणि ३० जीबी जागा मोकळी ठेवा. विंडोज काढायची गरज नाही. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) इन्स्टॉलची एक कमांड दिली, मशीन रीस्टार्ट केलं की उबुंटू लिनक्स येतं. व्हर्च्युअलायझेशन बंद असल्याची तक्रार आली तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करा. आता नेहमीचे खड्डे. फाईली सी ड्राइव्हवर ठेवून उबुंटूतून वापरल्या तर काम फार रेंगाळतं; त्या लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर नको, स्क्रिप्ट तिथेच मोडते. डब्ल्यूएसएल मशीनची साधारण निम्मी रॅमच घेतं, म्हणून ८ जीबीच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम मध्येच "किल्ड" एवढंच म्हणून थांबला तर रॅम संपली असं समजा. रात्रभर काम लावणार असाल तर लॅपटॉपचं स्लीप बंद करा आणि विंडोज अपडेट पुढे ढकला, नाहीतर सकाळी अर्धवट फाईल हाती येते. कंपनीच्या लॅपटॉपवर यातलं काही करू नका. स्वतःचं मशीन अगदीच जुनं असेल तर ब्राउझरमधून चालणारं गॅलॅक्सी वापरा. नोंदणी मोफत आहे आणि गणित त्यांच्या सर्व्हरवर होतं.

सॉफ्टवेअर कोंडा या साधनाने बसवा. चॅनेलच्या (सॉफ्टवेअर जिथून येतं त्या भांडारांच्या) क्रमात कोंडा-फोर्ज वर आणि बायोकोंडा त्याखाली, प्राधान्य कडक. सगळं एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये (सॉफ्टवेअरच्या कप्प्यात) कोंबलं की महिन्याभरात एकाची आवृत्ती दुसऱ्याशी भांडते. व्हेरियंटच्या (डीएनएतल्या बदलांच्या) कामाला एक, आरएनएच्या कामाला दुसरं, असं वेगळं ठेवा.

आता फास्टक्यू फाईल उघडा आणि पहिल्या चार ओळींवर एक अख्खी संध्याकाळ घालवा. घाई करू नका, पुढची निम्मी समज इथेच येते. पहिली ओळ @ ने सुरू होते, ते रीडचं (मशीनने सलग वाचलेल्या डीएनएच्या तुकड्याचं) नाव. दुसरी ए, सी, जी, टी अशी अक्षरं. तिसरीत अधिकचं चिन्ह. चौथीत दुसरीइतकीच चिन्हं, प्रत्येक अक्षरामागे एक, आणि हे चिन्ह म्हणजे त्या अक्षरावर किती भरवसा ठेवायचा त्याचा आकडा. चिन्हाचा आस्की क्रमांक (संगणकातला ठरलेला क्रमांक) घ्या, त्यातून ३३ वजा करा. इंग्रजी मोठ्या एफचा क्रमांक ७०, वजा ३३ म्हणजे ३७. चूक असण्याची शक्यता ५,००० त साधारण एक. स्वल्पविरामाचा ४४, म्हणजे ११. बारा-तेरांत एक चूक. # चा ३५, म्हणजे २. त्या अक्षरावर विसंबायचंच नाही. २० म्हणजे शंभरात एक आणि ३० म्हणजे हजारात एक, हे दोन आकडे पाठच करा. इथेच एक फसवी जागा आहे: @ हे दर्जाचंही वैध चिन्ह आहे, किंमत ३१. त्यामुळे @ ने सुरू होणाऱ्या ओळी मोजून रीड मोजले तर उत्तर जास्त येऊ शकतं. एकूण ओळींना चाराने भागायचं.

मग खोलीचा हिशोब कागदावर करा. १५,००० पिढ्यांच्या नमुन्यात सुमारे १५.५ लाख जोड्या (एकाच तुकड्याच्या दोन्ही टोकांचे रीड) आहेत, प्रत्येक रीड १५० अक्षरांपर्यंतचा. १५.५ लाख गुणिले २ गुणिले १५० म्हणजे साडेशेहेचाळीस कोटी. ४६ लाखांनी भागलं की सुमारे १००. जीनोममधली प्रत्येक जागा सरासरी शंभरदा वाचली गेली आहे.

पुढचा रस्ता असा. फास्टक्यूसीने दर्जा बघा. ट्रिमोमॅटिकने नेक्स्टेरा अडॅप्टर (वाचनासाठी डीएनएला जोडलेले कृत्रिम तुकडे) कापा, चार-चार अक्षरांच्या खिडकीत सरासरी २० च्या खाली गेली की शेपूट छाटा, आणि २५ पेक्षा लहान उरलेले रीड टाकून द्या. ट्रिमोमॅटिक यातून चार फाईली देतं, जोडीने टिकलेल्या दोन आणि जोडीदार गमावलेल्या दोन. चुकून एक या गटातली आणि एक त्या गटातली पुढे दिली की बीडब्ल्यूए (रीड जीनोमवर जुळवणारा प्रोग्रॅम) जोडीची नावं जुळत नसल्याचं सांगून थांबतं. पूर्वजाच्या जीनोमची अनुक्रमणिका बनवा, बीडब्ल्यूए मेमने रीड जुळवा, सॅमटूल्सने सॉर्ट करा, मग इंडेक्स. सॉर्ट न करता इंडेक्स होत नाही. शेवटी बीसीएफटूल्सने बदल शोधा आणि प्लॉयडी (गुणसूत्राच्या प्रतींची संख्या) १ द्यायला विसरू नका. जीवाणूत गुणसूत्राची एकच प्रत. हे सांगितलं नाही तर प्रोग्रॅम माणसासारख्या दोन प्रती धरतो आणि जिथे काही रीड चुकीच्या जागी चिकटले असतील तिथे "अर्धा बदल" दाखवतो. अशा जीवाणूत अर्धा बदल दिसला की आधी जुळणीवर संशय घ्यायचा.

उत्तर बरोबर आलं हे कसं ओळखायचं? ५,००० आणि १५,००० पिढ्यांच्या नमुन्यांत बदल दोन आकडी असायला हवेत आणि ५०,००० च्या नमुन्यात शेकड्यांत. मधल्या काळात या वसाहतीत उत्परिवर्तनाचा वेगच वाढला, आणि हीच ती वसाहत जी हवेच्या सान्निध्यात सायट्रेट खायला शिकली. तिन्ही नमुन्यांत हजारो बदल दिसले तर बहुधा तुलनेला दुसऱ्याच स्ट्रेनचा जीनोम उतरवला आहे, उदाहरणार्थ के-१२. मग त्यातले पाच-सहा बदल आयजीव्ही या जुळणी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी बघा. खरा बदल असेल तर त्या जागी उभ्या रांगेत जवळजवळ सगळे रीड तेच नवं अक्षर दाखवतात, दोन्ही दिशांचे. बदल फक्त रीडच्या टोकाशीच किंवा एकाच दिशेच्या रीडमध्ये दिसत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

क्यूसीतल्या लोकांकडे इथे एक मोठी शिदोरी असते, ती म्हणजे बॅच रेकॉर्डची सवय. जे लिहिलं नाही ते झालं नाही, हा नियम इथेही तसाच लावा. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाईल: तारीख, प्रोग्रॅमची आवृत्ती, दिलेली अख्खी कमांड, आत गेलेले रीड, बाहेर आलेले रीड. उतरवलेल्या फाईलचा एमडी५ (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) ईएनएच्या आकड्याशी पडताळा. अर्धवट उतरलेली फाईल आणि विंडोजमध्ये बनवलेल्या नमुना-यादीतलं ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह, या दोघांनी वाया घालवलेल्या रात्री इतर कशानेही जात नाहीत. दुसऱ्यावर डॉस-टू-युनिक्स ही एक कमांड पुरते.

एक्सेलपासून मात्र जपा. सेप्ट२ नावाचा जीन एक्सेलमध्ये उघडला की २ सप्टेंबर होतो, मार्च१ हा १ मार्च. ही चूक छापून आलेल्या शोधनिबंधांच्या पुरवणी तक्त्यांत इतकी पसरली की २०२० साली नामकरण समितीने जीनचीच नावं बदलली. आता ते सेप्टिन२ आणि मार्चएफ१ आहेत. जुन्या तक्त्यांत जुनी नावं अजून आहेत. रकाना आधी टेक्स्ट करून आयात करा, नाहीतर आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतच वाचा.

आर शिकायची वेळ दुसऱ्या प्रकल्पाला येते. त्यासाठी "एअरवे" हा डेटा घ्या: श्वासनलिकेच्या स्नायूपेशी, चार दात्यांच्या, प्रत्येकी एक डेक्सामेथासोन (स्टेरॉइड औषध) दिलेला आणि एक न दिलेला, असे आठ नमुने. मोजणीचा तक्ता (कुठल्या जीनचे किती रीड) तयार मिळतो, त्यामुळे ३० जीबी रॅम मागणारी जुळणी करायची गरज नाही. डीईसेक२ ला (कुठला जीन वाढला-घटला ते काढणारं आरचं पॅकेज) कच्च्या पूर्णांकी मोजण्याच द्यायच्या, टीपीएम (आधीच समायोजित केलेले आकडे) नाही. खोलीतला फरक तो स्वतः हिशोबात धरतो. डिझाइनमध्ये आधी दाता, मग औषध. आणि इथे हमखास पाय घसरतो: आर गटांची नावं वर्णक्रमाने लावतो, ट्रीटेडचं टी अनट्रीटेडच्या यूच्या आधी येतं, म्हणून औषध दिलेला गटच तुलनेचा पाया होतो आणि प्रत्येक उत्तराचं चिन्ह उलटतं. खूण म्हणून एफकेबीपी५ हा जीन बघा. डेक्सामेथासोनने तो वाढतोच. तुमच्या तक्त्यात तो उणे दिसला तर रीलेव्हल करा, म्हणजे पाया बदला. आणि पी ०.०५ वर कधीच थांबू नका: २०,००० जीन तपासले तर औषधाचा काडीचाही परिणाम नसताना १,००० जीन नुसत्या योगायोगाने ०.०५ च्या खाली येतील. सुधारलेल्या पी-मूल्याचा रकाना बघायचा.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याचे सहा तास पुरतात, पण मांडणी अशी हवी: रविवारी सलग तीन तास नवं काम, आणि मधल्या दिवसांत पाऊण-पाऊण तासाचे चार तुकडे जुनंच पुन्हा करायला. नाइट शिफ्टच्या आठवड्यात नवं काही घेऊ नका, फक्त नोंदी नीट करा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा १२ आठवड्यांचा कोर्स घेणार असाल तर बडोद्याचं पंचांग समोर ठेवा. जुलैच्या सत्रात गणपती येतात आणि मग गरब्याच्या नऊ रात्री. असाइनमेंटपैकी सर्वोत्तम आठच धरल्या जातात, तेव्हा चार चुकल्या तरी चालतं. त्या चार नवरात्रासाठी राखून ठेवा. असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्राला पहिल्यात किमान १० आणि दुसऱ्यात किमान ३० लागतात. जानेवारीचं सत्र त्या मानाने मोकळं जातं.

पैसे भरून कोर्स घ्यायचा असेल तर आधी विचारा: कच्चा डेटा हातात देणार का, सर्व्हर किती दिवस मिळणार, असाइनमेंटचा कोड कोण तपासणार. ऑनलाइन पदवी असेल तर त्या विद्यापीठाचं आणि नेमक्या त्याच अभ्यासक्रमाचं नाव त्या वर्षीच्या यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः शोधा. जाहिरातीवर जाऊ नका.

काम दाखवायला गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) दोनच फोल्डर ठेवा, लेन्स्कीचं आणि एअरवेचं. कच्चा डेटा तिथे चढवू नका, १०० एमबीपेक्षा मोठी फाईल गिटहब घेतही नाही. ॲक्सेशन नंबर, स्क्रिप्ट, कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटची फाईल, शेवटचा तक्ता, आणि प्लॉयडी १ का दिली, पाया का बदलला हे तुमच्या शब्दांत एका पानावर. मग ते फोल्डर दुसऱ्या मशीनवर उतरवून पहिल्यापासून चालवून बघा. जिथे अडेल तिथली ओळ नोंदवहीत लिहायची राहिली आहे.