नाना गाऊन चहा मागतात

हल्ली पुण्यात साऊंड हीलिंगचं भलतंच पेव फुटलंय. कोरेगाव पार्क, बाणेर वगैरे ठीक आहे, पण आता आमच्या कोथरूडमध्येसुद्धा बोर्ड लागलाय, जिथे लोक अजून दुपारी एक ते चार झोपून स्वतःचं हीलिंग फुकटात करून घेतात. भाचीने ओढून नेलं म्हणून गेले. योगा मॅटवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि एक मुलगी लहानमोठे तिबेटी वाडगे लाकडी दांड्याने घुमवत आपल्या उशापायथ्याशी फिरते. आता काशाची वाटी मला काही नवीन नाही, आजी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून ती घासायची, पाय काळेकुट्ट झाले की डोळ्यांची उष्णता उतरली असं जाहीर करायची. तीच वाटी न घासता नुसती वाजवली की फी किती वाढते ते त्या दिवशी कळलं.

पण खोटं कशाला बोलू, छान वाटलं. तो आवाज एकदम तुटत नाही, विरत विरत जातो, आणि आता संपला का, अजून आहे का, हे ऐकत राहण्याच्या नादात आपला श्वास कधी लांबला ते कळतही नाही. शेजारच्या मॅटवरचे काका तर सरळ घोरायला लागले, म्हणजे त्यांचे पैसे वसूल.

मग चहाच्या वेळी ती मुलगी 432 हर्ट्झने पेशी दुरुस्त होतात वगैरे सांगायला लागली आणि माझं डोकं फिरलं. अगं, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं एवढंच ना? आपल्याकडे तर सा कुठला लावायचा हे गाणाऱ्याचा गळा ठरवतो, पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी कुणाची काळी एक तर कुणाची काळी चार, आणि त्या त्या सा वर तंबोरा मिळवायचा. असं असताना सगळ्या जगाला एकच आकडा कसा लागू पडेल? तसाच तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता, बीपीला तोडी राग, अ‍ॅसिडिटीला अमुक, संधिवाताला तमुक, जणू मेडिकलच्या दुकानातली यादीच. आणि ते मोझार्टचं, त्याचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं म्हणून. 1993 साली तो प्रयोग झाला तो कॉलेजातल्या मुलांवर, आकृत्यांची कोडी सोडवायला थोडा फायदा दिसला, तोही जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला. तेवढ्यावर बाळांसाठी सीड्या विकून लोकांनी घरं भरली.

एवढी चिडचिड करणारी मी गाण्याने माणूस बरा होतो यावर मात्र विश्वास ठेवते. कारण आमचे नाना, म्हणजे माझे सासरे.

त्यांना पॅरालिसिसचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र नेमकं तिथेच असतं. उजवा हात पाय लुळा पडला आणि शब्द गेले. समजत सगळं होतं, पेपर डोळ्यांसमोर धरून बसायचे, पण पाणी म्हणायचं तर "ते... ते..." एवढंच, आणि आपल्याला कळलं नाही की चमचा भिरकवायचे. आयुष्यभर बँकेत लोकांना नियम ऐकवलेला माणूस हो. त्या वर्षी गणपती अगदी साधेपणाने बसवला. आरती सुरू झाली आणि खुर्चीतून नाना म्हणायला लागले. शब्दांसकट! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, निरांजनाचं ताम्हन धरून तशाच उभ्या, आमची सगळ्यांची आरती घशातच अडकलेली, आणि नाना डाव्या हाताने खुणा करतायत, थांबलात काय, चालू ठेवा.

आम्हाला तो बाप्पाचा चमत्कार वाटला. स्पीच थेरपीवाल्या बाईंना अजिबात वाटला नाही, त्या म्हणाल्या असं होतं, कारण गाताना मेंदूची उजवी बाजूही चांगलीच कामाला लागते. यावरून 1973 साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी एक उपचारपद्धतच मांडली होती, चालीवर बोलायला शिकवायची. बाईंनी तेच सुरू केलं. नानांचा डावा हात टेबलावर, प्रत्येक अक्षराला एक थाप, आणि फक्त दोन सूर, एक खालचा एक वरचा, च-हा-ह-वा. आधी त्या नुसतं गुणगुणायच्या, मग दोघं मिळून, मग अर्ध्यात त्या गप्प व्हायच्या आणि नानांनी एकट्याने पुरं करायचं. किती कंटाळवाणं काम आहे ते तुम्हाला सांगून कळणार नाही, दिवसेंदिवस तोच चहा. पण एक दिवस तो खरंच मागितला गेला, सुरात, आणि आई स्वयंपाकघरातून तितक्याच सुरात ओरडल्या, "गाऊन मागितलात तरी साखर मिळायची नाही!"

नाना पूर्वीसारखे बोलत नाहीत, ते तसं होणारही नाही बहुतेक. गोळ्या आहेत, फिजिओ आहे. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर कृपा करून राग लावत बसू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

तर माझं म्हणणं एवढंच की पडून ऐकण्यापेक्षा स्वतः म्हणण्यात जास्त जान आहे, बेसूर असलात तरी. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी लोकांना लॅटिनमधली जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे'चा मंत्र म्हणायला लावून मोजमाप केलं, 2001 साली ते छापून आलं. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, एरवी आपण बारा ते वीस घेतो, आणि हृदयाची लय छान संथ झुलायला लागली. आता हरिपाठ म्हणणाऱ्या आज्या एवढ्या थंड डोक्याच्या कशा हे मला कळलं. (आमची आजी सोडून.)

म्हणून मी सोसायटीच्या भजनी मंडळात जायला लागले. तिथे पट्टी कुठली यावरून दर गुरुवारी भांडण, पेटीवाल्या काकू काळी पाचच्या खाली उतरायला तयार नाहीत, अर्ध्याजणी अंतऱ्याला नुसते ओठ हलवतात. तरी तासाभराने उठताना खांदे हलके झालेले असतात एवढं खरं.

त्याच बर्नार्डींचा 2006चा आणखी एक पेपर आहे. वेगवेगळं संगीत ऐकवलं, आपला रागही होता त्यात, तर प्रकार कुठला यापेक्षा लय जलद की संथ यानेच जास्त फरक पडला. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त आराम मिळाला तो मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. ते वाचून मी मंडळात सुचवलं की अभंग झाला की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. सगळ्या लगेच हो म्हणाल्या. अभंग संपला, टाळ खाली ठेवले, मी डोळे मिटले, आणि मागून आवाज आला, "अहो, भिशीचे कुणाचे राहिलेत?"