३८ पायऱ्यांचे घर

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्यात घर घेतले. त्याआधी सात वर्षे कोथरूडमध्येच भाड्याने राहत होतो, आणि अकरा महिन्यांचा करार संपत आला की दर वेळी तीच धाकधूक असे. त्या वर्षी मालकांनी मुलाच्या लग्नासाठी जागा हवी असल्याचे सांगितले, तेव्हा आता भाड्याचे घर पुरे, असे आम्ही ठरवले. घरात माणसे चार: मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. माझे कार्यालय सिव्हिल कोर्टाजवळ, तर नवऱ्याचे हिंजवडीत. मुलीची शाळा मराठी माध्यमाची, सेमी-इंग्रजी, दहावीपर्यंतची, तेव्हाच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर.

दीड-दोन महिने शनिवार-रविवार घरे पाहण्यात घालवल्यावर दोनच पर्याय उरले. पहिला शहराच्या दक्षिण टोकाच्या नऱ्ह्यातला, बांधकाम चालू असलेला: तीन बेडरूम, दोन लिफ्ट, आच्छादित पार्किंग. दुसरा कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीतला, १९८८ सालच्या इमारतीतला: दोन बेडरूम, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी रस्त्यावर. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी होता. जुन्या घरावर तो नव्हता, पण तिथे दुरुस्तीचा खर्च दिसतच होता. पहिले काही दिवस मीच नऱ्ह्याच्या बाजूने होते. नमुना सदनिकेतले स्वयंपाकघर पाहिल्यावर आमच्या भाड्याच्या घरातल्या ओट्यापाशी उभे राहणे नकोसे झाले होते.

आम्ही सुरुवातीला रीतसर तक्ता केला होता: किंमत, क्षेत्रफळ, शाळा, अंतर, प्रत्येकाला दहापैकी गुण. नऱ्हे तीन गुणांनी पुढे होते. मात्र त्या तक्त्यात एक खोट होती, आणि ती सासूबाईंनी दाखवली. तक्ता पाहून त्या म्हणाल्या, “अगं, हे गुण सगळ्या घराचे आहेत. त्रास कोणाला होणार, ते कुठे लिहिलंय?” मग त्याच कागदाच्या मागे मी चौघांची नावे लिहिली आणि प्रत्येक गैरसोय कोणाच्या वाट्याला येते ते मांडले. चित्र बरेच बदलले.

नऱ्ह्याची गैरसोय बहुतेक मुलीच्या वाट्याची होती. शाळेच्या बसवाल्या काकांना विचारले, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले, “पहिला स्टॉप तुमचाच पडेल ताई, सव्वासहा. येताना शेवटचा.” सात वीसच्या शाळेसाठी सव्वासहाला बसमध्ये, म्हणजे साडेपाचला उठणे. शाळा बदलता आली असती; पण नऱ्ह्यातली जवळची शाळा नवी होती, वर्ग सातवीपर्यंतच सुरू झाले होते, आणि माध्यम इंग्रजी. एका सोमवारी नवऱ्याने मुलीला मुद्दाम आधी गाडीने नऱ्ह्यापर्यंत नेले आणि तिथून नवले पुलामार्गे शाळेत सोडले. दुपारी तोच प्रयोग उलटा केला. ती मागच्या सीटवर दप्तराला मिठी मारून झोपली, डबा अर्धा तसाच. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण आम्ही तो काढला.

पाण्याचाही प्रश्न होता. नऱ्हे महापालिकेत आले ते २०२१ मध्ये, इतर बावीस गावांबरोबर. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या फाटकाशी आम्ही एप्रिलमध्ये सकाळी सातला जाऊन उभे राहिलो. अर्ध्या तासात दोन टँकर आत गेले. रखवालदाराने न विचारताच सांगितले, “आज कमीच आहेत.” घर पाहायला रविवारी दुपारी न जाता कामाच्या दिवशी सकाळी जावे, हे आम्हाला उशिरा सुचले.

कोथरूडच्या घराची गैरसोय सासूबाईंच्या गुडघ्यांवर पडणार होती. घर पाहायला आल्या तेव्हा त्यांनी पायऱ्या मोजल्या: अडतीस. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर त्या पाच मिनिटे बसून राहिल्या. मी तिथेच हा विषय सोडून द्यायला निघाले होते. वर गेल्यावर मात्र त्यांनी बाल्कनीतून गल्ली पाहिली: भाजीवाली, किराणा, दवाखाना, त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघी. नऱ्ह्यात लिफ्टने खाली उतरून जायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न होता आणि मला उत्तर देता आले नाही. नवऱ्याला दोन्हीकडून हिंजवडी लांबच. कोथरूडहून निदान चांदणी चौकातला नवा पूल होता. माझी सोय झाली: आयडियल कॉलनी स्थानक चालत बारा मिनिटांवर, तिथून मेट्रोने थेट सिव्हिल कोर्ट.

व्यवहार ८४ लाखांना ठरला. कर्ज ८० टक्के मिळेल या हिशेबाने आम्ही ६७ लाख २० हजार धरून चाललो होतो. बँकेच्या मूल्यांकनकाराने इमारतीचे वय पाहून किंमत ७८ लाख लावली, आणि कर्ज आले ६२ लाख ४० हजारांवर. चार लाख ८० हजारांची तूट. जुने घर घेणाऱ्याने ठरलेल्या किमतीवर नव्हे, तर बँक लावेल त्या किमतीवर हिशेब मांडावा, हे आम्ही अशा रीतीने शिकलो. मुदत ठेव मोडली आणि नवे स्वयंपाकघर पुढे ढकलले. कडप्प्याचा जुना ओटा अजून तसाच आहे.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले. महिलेच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असल्याने सातऐवजी सहा टक्के, म्हणजे ५ लाख ८८ हजारांऐवजी ५ लाख ४ हजार भरावे लागले. नोंदणी फी ३० हजार वेगळी. नवरा कर्जात सहकर्जदार आहे, मालक नाही. त्याला व्याजावरची प्राप्तिकर वजावट मिळत नाही, पण तो नव्या करप्रणालीत असल्याने स्वतः राहण्याच्या घरासाठी ती तशीही मिळाली नसती.

सर्वांत जास्त दमवले ते कागदांनी. विक्रेत्यांनी घर २००३ मध्ये घेतलेले. त्याआधीचा, बिल्डर आणि पहिल्या मालकातला मूळ करारनामा त्यांच्याकडून गहाळ झाला होता. बँकेने पोलिसांतली तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकांकडील प्रमाणित प्रत मागितली. यात तीन आठवडे गेले आणि इसाराची मुदत दोनदा वाढवावी लागली. त्यातच वकिलांनी सांगितले की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे आणि सोसायटीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या संमतीशिवाय सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करणे, करून घेतलेले नाही. पुनर्विकासाच्या वेळी हे अडेल, याची आम्हाला कल्पना आहे. त्या गोष्टीवरून मात्र आम्ही व्यवहार मोडला नाही.

राहायला येऊन आठवडा झाला असेल, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या दाराबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. सासूबाई रोज संध्याकाळी वर येताना तिथे बसतात, आणि त्यांना घरी यायला पंचवीस मिनिटे लागतात. त्यातली वीस गप्पांची असतात. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर अभिहस्तांतरण आणि लिफ्टचा खर्च असे दोन्ही विषय आहेत. पहिला मी मांडणार आहे, दुसरा काकू.